लिंबूटिंबू

खाली सोसायटीत मुलांची पकडापकडी रंगली होती. एक उंच मुलगी धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून ओरडली, “ही लिंबूटिंबू! हिच्यावर राज्य नाही!”

किती वर्षांनी हा शब्द असा खेळताना भेटला! एरवी तो पेपरात दुबळ्या संघांना चिकटवलेला दिसतो. लिंबाला टिंबू कुणी जोडलं, कोण जाणे. थोरल्यांमागे फरफटत येणाऱ्या धाकट्यासारखं तेही मागे लागून आलं असावं. मीही तसाच ताईमागे जायचो. आई बजावायची म्हणून मला खेळायला घ्यायचे, पण कितीही वेळा पकडला गेलो तरी मी आऊट नाही. एकदा ताईने चिडून माझ्यावर राज्य दिलं, तेव्हा मी आनंदाने नाचलो होतो.

हल्ली घरात माझ्याशी कोणी वाद घालत नाही. मी काहीही बोललो तरी मुलगा आणि सून “बरं, बाबा” म्हणतात.

मी ताईला फोन लावला. बोलता बोलता म्हणालो, “आई आमटीत चिंच घालायची.”

“चिंच कुठली, मेल्या? आमसूल! तुला काही म्हणता काही आठवत नाही,” ताई पलीकडून कडाडली.

चला, माझ्यावर राज्य आलं.