चौथ्यांदा पुकारलेलं नाव

दादा, वाठार स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती. बाबा मात्र खिडकी धरून चालता चालता म्हणाले, "गोदे, रडतेस काय? बडोद्यात मुली तालमीत जातात. तिथं तुला पळू नको म्हणणारं कोणी नाही." कृष्णेच्या वाळवंटात तुलाही मागं टाकणारी मी, बडोदं म्हणजे एक मोठं मैदानच समजून निघाले होते.

माप ओलांडलं आणि गोदावरीची उमा झाले. नाव गेलं, पाठोपाठ पळणंही गेलं. मामंजी विद्याखात्यात कारकून. मुलींना मैदानावर आणायची पत्रकं तेच लिहीत आणि माझं अक्षर चांगलं म्हणून स्वच्छ प्रती मी काढी. 'स्त्रियांनी संकोच सोडून शर्यतीत उतरावे' हे इतक्यांदा लिहिलं की बोटाला घट्टा पडला. पत्रकं पादरा, करजण अशा गावोगावी गेली. मी ओट्याखाली उतरले नाही. शेजारच्या कांताबेन विचारायच्या, "उमावहू, बहार केम नथी आवती?" बाहेर का येत नाहीस म्हणून. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: "कचेरीतलं कचेरीत. सुनेनं पळायला घराला आग लागलीय का?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका वर्षी तरुण स्त्रियांची शर्यत ठरली. आलेल्या नावांची यादी उतरवताना शेवटी मी 'गोदावरी' लिहिलं. मामंजींनी न वाचता सही ठोकली. पुढचं काही ठरवलं नव्हतं. नाव पुकारलं की पाय आपोआप उठतील, एवढंच वाटत होतं.

शर्यतीच्या दिवशी बायकांच्या कनातीत सासूबाईंशेजारी बसले होते, कासोटा घट्ट खोचून. यादी मामंजीच वाचत होते. "गोदावरी." कोणी उठेना. "गोदावरी." तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, अक्षर न्याहाळलं आणि थेट माझ्याकडे पाहिलं. तीनदा पुकारून सोडायचं, हा नियमही मीच उतरवलेला. त्यांनी चौथ्यांदा पुकारलं, अगदी हळू.

दादा, मला कोणी धरलं नव्हतं. सासूबाई तर शेंगा सोलत होत्या. तरी तोंडून ओ निघाली नाही. सहा वर्षांत उमा इतकी मुरली होती. मामंजींनी नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पत्रक माझ्यापुढे ठेवलं, नेहमीसारखं. मला त्यांचा राग आला नाही, याचाच अजून राग येतो.

आता रोटली, शाक, निरोपाचं 'आवजो' सगळं अंगवळणी पडलंय. तू लिहितोस, माहेरी ये. आई-बाबा गेले. त्या नावानं हाक मारणारा तू एकटा उरलास, म्हणजे माहेरही तेवढंच उरलं. मी आले की वाळवंटात लांब उभा राहा आणि एकदा मोठ्यानं "गोदे" म्हण. ओ देता येते का, ते मला बघायचंय.