दाजींचं पथ्य

साक्षात ब्रह्मदेवाचा बाप खाली उतरला असता, तरी आमच्या दाजींना पथ्यावर ठेवणं त्याला जमलं नसतं. मी तर त्यांचा नुसता मेहुणा. कोलेस्ट्रॉल फार वाढलंय, खाणं आवरा, चाला, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा सोनईच्या घरी ओट्यावर बसून ते मलाच समजावू लागले, "पाव्हणं, कोलेस्ट्रॉल म्हंजे रक्तातलं लोनीच ना? मंग घरात लोनी वाढलं म्हनून कुनी रडतं व्हय?" गोळी घशाला टोचते म्हणून ती सायीच्या दह्यातून घेत. तेल कमी करा म्हटलं, तर भाजीतलं कमी केलं आणि शेंगदाण्याच्या चटणीत आळं करून तेवढंच ओतलं. चालण्याचं तर विचारूच नका. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, रोज सकाळी त्यांना बळंच घराबाहेर काढी. एकदा मी सोबत गेलो. पहिल्या वस्तीवर चहा झाला, दुसरीवर कांदाभजी, आणि तिथून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आम्ही परतलो. दाजी कोपऱ्यावरच उतरले आणि धापा टाकत दारात शिरले. बिचारी आक्का पदरानं वारा घालत राहिली. मी हात टेकले.

आक्का सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पातेल्यात उरलेल्या तर्रीत भाकरी कुस्करून. अंगानं काडी, तिला काय होणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटे. गेल्या वर्षी गवत कापताना तिच्या छातीत कळ आली. नगरला नेलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती, आणि कोलेस्ट्रॉल दाजींपेक्षाही जास्त निघालं. दाजी डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. "सायेब, माझा रिपोर्ट चुकून तिच्या नावावर आला आसंल. परत बगा की येकदा." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दाजी भिंतीला धरून खाली बसले. एवढा मोठा माणूस इतक्या थोड्या जागेत मावलेला मी कधी पाहिला नव्हता.

आक्का वाचली. त्या दिवसापासून दाजींनी सगळं सोडलं. दुधीभोपळा स्वतः चिरतात, पहाटे तिला घेऊन चालायला निघतात, वस्तीवरून कुणी "नाना, च्या घेऊन जा" म्हणून त्यांना हाक मारली तरी मान वळवत नाहीत. दोघांचेही रिपोर्ट सुधारलेत. मी इतकी वर्षं ज्यासाठी डोकं फोडलं, ते सगळं झालं. आणि त्या घरात आता पाऊल टाकवत नाही.

परवा जेवायला होतो. दाजींनी आधी आक्काला वाढलं आणि तिचा घास पोटात जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसले. स्वतःच्या ताटाला हात नाही.

"ह्यान्ला जरा हसायला सांग की रे," आक्का मला म्हणाली. "बोलत बी न्हाईत आता."

दाजींनी काकडीची एक फोड उचलली आणि हलकेच तिच्या ताटात ठेवली.