काकांच्या विहिरीची बाटली

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीला मला फेलोशिप मिळाली, ती काकांच्या गावी, चिखल्याला, विहिरींत समुद्राचं खारं पाणी किती शिरतंय हे तपासायला. "नमुने बिघडले तर पुढच्या वर्षाची फेलोशिप विसर," असं गाइड मॅडमनी बजावलं होतं. आणि मी शहाणा, प्रयोगशाळेच्या बाटल्या हॉस्टेलवरच विसरून आलो! मग काकूच्या सरबताच्या बाटल्यांत पाणी भरलं आणि तिच्याच फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

काकांच्या घरी प्यायला नळाचं पाणी, विहीर फक्त चिकूच्या वाडीला. तरी "आपली विहीर म्हणजे अमृत" हे त्यांचं पालुपद. दुपारी वाडीतून घामाघूम आले, फ्रिज उघडला आणि एक बाटली थेट तोंडाला लावली.

"थू! कुणाच्या विहिरीचं रे हे?"

"काका, तुमच्याच."

नमुना उष्टा झाला, आणि आता काका विहिरीजवळ पुन्हा फिरकूही देणार नाहीत, असंच मला वाटलं. पण काकांनी स्वतः बाटली विसळली आणि विहिरीवरून भरून आणली.

"तुझ्या मॅडमना नीट तपासायला सांग. आणि बाटलीवर लिही, पिऊ नये."

फेलोशिप पुढच्या वर्षीही मिळाली. अहवालात पहिल्या चाचणीचा उल्लेख मात्र मी केला नाही.