पिंजऱ्यातली प्रांजल

कवठे येमाईच्या तालमीत दोघी एकत्र वाढल्या. आखाड्यात उतरलं की प्रांजल खाली आणि राजनंदिनी वर, हे ठरलेलंच. मग पुण्याहून एक कोच आले. जाळीच्या पिंजऱ्यात लढतात आणि कुस्ती, ठोसे, लाथा सगळंच चालतं त्या एमएमएसाठी त्यांना पोरी हव्या होत्या. त्यांनी आधी राजनंदिनीला विचारलं. "पिंजऱ्यात कोंबड्या झुंजवतात," म्हणून ती हसली. प्रांजल मात्र गेली.

आता राजनंदिनी लग्न होऊन केडगावला शेवंतीच्या मळ्यात होती, आणि प्रांजल मोबाईलवर दिसत होती.

रविवारी दुपारी स्पर्धा सुरू झाली तेव्हा सासू धुरपदाबाई शेजारी फुलं निवडत बसल्या होत्या. पहिल्याच लढतीत प्रांजलनं पाय ओढून, पट काढून समोरचीला आपटलं, वरून ठोसे घालून लढत संपवली.

"आगं, ही तुझी मैत्रीण नव्हं? काय जोर हाय पोरीत!"

"समोरचीच कच्ची होती, आत्या."

उपांत्य लढतीत प्रांजलच्या नाकावर गुडघा बसला. रक्त आलं. जाळीला पाठ घासत ती खाली बसली. राजनंदिनीला आतून गार गार वाटलं. "उठू नको," ती पुटपुटली.

प्रांजल उठली. समोरचीचा हात तिनं असा पिळला की त्या पोरीनं चटईवर थापा मारून हार मानली.

"लागलंय म्हणून म्हनालीस व्हय, उठू नको?" धुरपदाबाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. "न्हाई. हरावी म्हणून म्हणाले. मी तिच्यापेक्षा भारी होते, आत्या. आधी मलाच इचारलं हुतं."

"मंग जीव जळणारच की. पर हितं बसून जळून काय हुतंय? जा, भेटून ये."

अंतिम लढत प्रांजल गुणांवर हरली. राजनंदिनीनं खुशीत चहा टाकला, पण कप हातात घेतला आणि डोकं तापलं. हिनं हरवलं प्रांजलला? असल्या मरतुकड्या पोरीनं? शेवटची फेरी तिनं पुन्हा लावली, आणि त्या जिंकलेल्या पोरीला शिव्या घातल्या.

प्रांजल गावी आल्याचं कळताच राजनंदिनी माहेरी गेली. दोघी तालमीत उतरल्या. आधी कुस्ती झाली. राजनंदिनीनं तिला मातीत पाठीवर घातलं.

"आता माझा खेळ," प्रांजल म्हणाली, आणि बघता बघता तिच्या दंडाचा विळखा राजनंदिनीच्या गळ्याला पडला. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी राजनंदिनी थाप मारेना. शेवटी प्रांजलनंच सोडलं.

"थाप मार की, येडे! मरशील!"

"तुझं नाक फुटलं तवा मला बरं वाटलं," राजनंदिनी खोकत म्हणाली.

प्रांजल हसली नाही. "वाटणारच. तू मला पाडायचीस ना, तवा मी घरी जाऊन तुझ्या नावानं बोटं मोडायचे. पुण्याला गेले ती बी तू न्हाई म्हणालीस म्हणूनच."

केडगावला परतल्यावर नवऱ्यानं, साईनं, विचारलं, "कशी हाय मैत्रीण?"

"माजलीय," ती गळा चोळत म्हणाली. "आन् ऐका, दौंडला एमएमए कोण शिकवतं का, जरा चौकशी करा."