दारातला तांब्या

"थांबला त्यो संपला!" असं म्हणून उस्ताद मांडीवर थाप मारायचे. मैदानावर, मेसमध्ये, कुठेही. डाळीच्या रांगेत कुणी रेंगाळलं तरी थाप पडायचीच.

तुमच्याही गावात निवृत्त फौजी असतीलच, आपल्याकडे घरटी एक म्हटलं तरी चालेल. आमचे उस्ताद औंधकडचे सुभेदार. वर काश्मीरमध्ये घराघरांत शिरून लढलेले. आमच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात पोरांना घरात कसं घुसायचं ते शिकवायला त्यांना बोलावलं होतं. मी तिथे हवालदार. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. एवढा लढवय्या माणूस, पण चहात बिस्किटाचा तुकडा पडला की लहान मुलासारखा हळहळायचा.

मला मात्र एक शंका टोचायची, आणि मी काही गप्प बसणारी नव्हे. एकदा म्हटलंच, "आवं उस्ताद, तुमी दुश्मनाच्या घरात शिरलात. आमी जातो ते दारुड्याच्या, न्हाईतर चोराच्या आईच्या घरात."

"गोळीला समदी घरं सारखीच, पोरी," ते हसले.

सरावासाठी बारदानं आणि पत्रे लावून एक खोटं घर केलं होतं. एके दिवशी उस्तादांनी मला आत बसवलं. "तू घरची बाई. घरात वागतीस तशी वाग." आत पाण्याचा माठ होता. बुटांचा आवाज जवळ आला आणि काही विचार न करता मी तांब्या भरून दाराकडे गेले. फलटणचा एक पोरगा दार लाथाडून आत आला, लाकडी बंदूक माझ्यावर रोखून ओरडला, "ठो!"

दचकून माझ्या हातातला तांब्या पडला. पोरं खो-खो हसली.

"शाबास रं! थांबला न्हाईस," उस्ताद म्हणाले. मग त्यांना तांब्या दिसला. "पाणी कशाला आणलंस?"

"आता घ्या! दारात माणूस आलं की पाणी देत न्हाई व्हय?"

त्यांचा चेहराच उतरला. ते तिथेच ओल्या जमिनीवर बसले. "वर एका घरात बाई अशीच म्होरं आली हुती. हातात कायतरी हुतं. मी थांबलो न्हाई. काय हुतं ते बगितलं न्हाई, मागनं कुणाला इचारलं बी न्हाई."

मी खाली पडलेला तांब्या उचलून माठाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. मी दाराबाहेरच होते. साहेब म्हणाले, "तुमच्याइतका अनुभव कुणाकडे आहे?"

"त्योच नको, साहेब. मला लढाई येती. ह्यास्नी लोकांच्या घरी जायचंय." ट्रंक उचलली आणि गेले.

पण आधीच्या तुकड्या शिकून ठाण्याठाण्यांत पोचल्या होत्या. तेच त्यांच्या जिवाला लागलं. एसटीने गावोगाव हिंडायचे, आपण शिकवलेला पोरगा शोधायचे, चहा पाजून सांगायचे, "दारात जरा थांबत जा रं. हाक मार. हातात काय हाय ते बग." माघारी पोरं म्हणायची, म्हातारा फिरला. असा संताप यायचा मला!

पुढे मी इस्लामपूरला बदलून आले. फलटणचा तो पोरगाही तिथेच होता. उस्ताद त्याला भेटायला आले, तर तो बंदोबस्ताला गेलेला. दिवस मावळेपर्यंत बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, "मी सांगते की त्याला."

"न्हाई. मी शिकवलंय, मीच सांगणार."

त्यानंतर आली ती त्यांच्या मरणाची बातमी.

फलटणच्या पोराला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. गाडीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, तुमचा तांब्या पडला त्या दिवसापासनं मी दारात थांबतोच. हाक मारल्याबिगर आत जात न्हाई."

"आरं मग त्यास्नी का सांगितलं न्हाईस?"

त्याने मान खाली घातली.

अंगणात तो उभा राहिला. "काकी, येऊ का आत?"

उस्तादांची बायको तांब्या घेऊन बाहेर आली. पोराचा हात पुढे होईना. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "घे बाबा. तेंचं बी असंच. तहान लागायची, पानी घिऊन गेलं की माझ्याकडं बघत ऱ्हायाचे. इचारायचे, हातात काय हाय? मी म्हणायची, पानी हाय, प्या."

"मग प्यायचे?" पोराने विचारलं.

"आदी तांब्यात वाकून बगायचे."