वडेवाल्याच्या पोराचं वजन

अमरावतीत राजकमल चौकातून थोडं आत गेलं की गल्लीच्या तोंडाशी देवीदासची गिल्या, म्हणजे ताकात भिजवलेल्या, वड्याची गाडी लागते. संध्याकाळी तिथं उभं राहायला जागा नसते. या गाडीमागच्या स्टुलावर बसूनच कुलदीप लहानाचा मोठा झाला. शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि प्लेट हातात घ्यायचा. पोरगा अंगानं भरत गेला तसा देवीदासला आनंदच होत गेला. गिऱ्हाइकांना तो म्हणायचा, "पाह्या, हे आमच्या मालाची जाहिरात!"

कुलदीपही हसायचा. बारावीनंतर अकोल्याला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, होस्टेलवर राहायला गेला. तिथं त्याच्या जाडेपणावर पहिला विनोद तोच करायचा, म्हणजे दुसऱ्याला संधी उरत नसे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात आरोग्य तपासणी झाली. बीपीचा पट्टा दंडाला पुरेना म्हणून डॉक्टरीणबाईंनी मोठा पट्टा मागवला. एकदा पाहिलं, थांबून पुन्हा पाहिलं.

"वय किती तुझं?"

"वीस."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का?"

"नाही," कुलदीप म्हणाला.

ते खोटं होतं. त्याचा श्यामकाका, देवीदासचा धाकटा भाऊ, ऐन पस्तिशीत गाडीवरच गेला होता. कढईसमोर छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. कुलदीप तेव्हा चौथीत होता. घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नसे. बोललंच तर आई, इंदूबाई, एवढंच म्हणायची की नजर लागली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन उतरव, वडिलांना घेऊन दवाखान्यात ये. कुलदीपनं मान हलवली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून जिना चढताना धाप लागली की त्याला कढईसमोर बसलेला काका दिसायचा. भीतीच्या भरात त्यानं एक वेळचं जेवण बंद केलं, मग दुसऱ्या वेळची पोळीही बंद केली. मेसमध्ये कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचा. एप्रिलचं अकोल्याचं ऊन, त्यात दुपारचं प्रॅक्टिकल. हरभऱ्याच्या मोकळ्या वावरात मातीचे नमुने घेताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो आडवा झाला.

त्याला सावलीत ओढलं वकारनं. वकार त्याच्या वर्गातला, अकोल्याचाच, अंगानं काटकुळा. कुलदीपनं त्याला सांख्यिकी शिकवली म्हणून तो आदल्या वर्षी पास झाला होता, आणि ते तो विसरला नव्हता.

"काय खाल्लं सकाळपासून?"

"काही नाही."

"काल?"

कुलदीपनं मान फिरवली.

"अबे, मरून राहिला का तू?"

वकारनं सहज विचारलेल्या या प्रश्नावर कुलदीपला एकदम रडू फुटलं. मातीनं भरलेल्या हातांनी तोंड झाकून त्यानं सगळं सांगितलं. बीपी, काका, डॉक्टरीणबाईंशी बोललेलं खोटं, सगळं.

दुसऱ्या दिवशी वकार त्याला दवाखान्यात घेऊन गेला. या वेळी कुलदीपनं काकाबद्दल खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी सुरू केली आणि उपाशी राहिल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. पोटभर जेव, पण भात एकदाच, तळलेलं बंद, आणि रोज चाल. वकार रोज पहाटे सायकलवर होस्टेलच्या फाटकाशी येऊ लागला. "मी नाही येत आज," असं कुलदीप खिडकीतून ओरडला की तो घंटी वाजवत राहायचा, शेवटी आख्खं होस्टेल कुलदीपलाच शिव्या घालायचं. शेतातल्या रस्त्यानं दोघं चालायचे. सुरुवातीला विहिरीपर्यंत जाऊन कुलदीप बांधावर बसायचा. पावसाळा सरता सरता कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

पण अकोल्यात जे जमत होतं ते अमरावतीत जमेना. शनिवारी घरी जायची बस मूर्तिजापूर ओलांडायची तसा तो बाबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागायचा. बरेच शनिवार अभ्यासाच्या नावाखाली त्यानं टाळले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत जावंच लागलं.

तो गाडीवर पोचला तेव्हा गर्दी होती. रोजचे गिऱ्हाईक नत्थुजी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "देवीदासभाऊ, पोरगं वाळलं ना! जेवाले देत नाही का?"

लोक हसले. देवीदास हसला नाही. त्यानं प्लेट भरली, ताक ओतलं, चटणी टाकली आणि कुलदीपसमोर धरली.

"खाय."

"बाबा, मले नको."

"खाय म्हनतो ना."

"नको, बाबा."

देवीदासचा हात तसाच पुढे होता. "माह्या हातचं नको झालं तुले?" तो हळू आवाजात म्हणाला, आणि ती प्लेट त्यानं नत्थुजींच्या हातात दिली. नंतर गाडी बंद होईपर्यंत बाप पोराशी एक शब्द बोलला नाही.

घरी कुलदीपनं आईला बीपीचं सांगितलं. तिनं आधी दार लोटलं. "बापाले सांगू नको," ती कुजबुजली. "श्यामच्या वक्ताले तो कसा झालता, तुले नाही मालूम. महिनाभर कढई नाही लावली त्यानं."

तीन दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. देवीदास पोराच्या ताटाकडे पाहायचा आणि उठून जायचा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी इंदूबाईनं करंज्या वाढल्या, कुलदीपनं अर्धी तोडून बाकीची बाजूला ठेवली, आणि देवीदासचा तोल गेला.

"या घरचं अन्न जहर आहे का? कोनं भरवलं तुह्या डोक्यात?"

"बाबा, मले बीपी आहे. गोळी चालू आहे सहा महिन्यांपासून."

इंदूबाईनं डोळे मिटले. देवीदास ताटावरून उठला.

"म्हनजे श्यामले म्या मारलं, असंच म्हनून राहिला ना तू? माह्या वड्यानं?"

"मी काहून तसं म्हनीन?" कुलदीपचा आवाज फाटला. "मले मराचं नाही, एवढंच म्हनून राहिलो! मले रोज भेव लागते, बाबा. तुमाले सांगाचंही भेव लागते."

देवीदासनं चप्पल घातली आणि बाहेर पडला. दुपार झाली तरी आला नाही. गाडीही लागली नाही. इंदूबाई दारात वाट पाहत होती आणि कुलदीप सायकलवर शोधत होता. शेवटी तो वडाळीच्या तलावाकाठी बाकावर बसलेला सापडला. कुलदीप शेजारी बसला. दोघांच्या वजनानं बाक कुरकुरला.

देवीदास तलावाकडे पाहत बोलू लागला. "आठ दिवस छाती दुखून राहिली होती श्यामची. मले बोलला नाही. बायकोले म्हने, ग्यास आहे. मले सांगतलं असतं तर खांद्यावर नेलं असतं त्याले." त्यानं नाक पुसलं. "तू सांगतलं. बरं केलं."

मग त्यानं विचारलं, "तिकडे किती चालतो रे रोज?"

"गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत. वकार असते संगं."

"कोन वकार?"

कुलदीपनं त्याला वकारबद्दल सांगितलं. वावरात पडलेला दिवस मात्र गाळला. तो पुढे कधीतरी वकारनंच सांगून टाकला आणि त्यावरून पुन्हा एकदा बोलणी खावी लागली.

याला आता दीड वर्ष झालं. देवीदास एकदम बदलला असं काही नाही. त्यानं बीपी मोजून घ्यावं म्हणून इंदूबाईला त्याच्याशी आणखी चार महिने भांडावं लागलं, आणि ते निघालं पोरापेक्षा जास्त. चालायला तो आठवड्यातून दोनदा जातो, तेही कुरकुर करत. कुलदीपचं वजन वीसेक किलो उतरलं होतं, परीक्षेच्या दिवसांत त्यातलं चारपाच किलो परत आलं. ते पाहून तो पुन्हा घाबरला, मात्र या वेळी त्यानं जेवण सोडलं नाही, त्याच दिवशी घरी फोन केला.

"काय खाल्लं आज?" देवीदासनं तिकडून पहिलं तेच विचारलं.

"वरण, पोळी, भाजी."

"बरं. गाडीवर गर्दी आहे, ठेवतो. रविवारी ये, डॉक्टरकडे दोघंही जाऊ. मले एकट्याले कंटाळा येते."