पाणी मागून निवडलेली गल्ली

लोकांच्या जमिनी मोजून देणं ही माझी नोकरी. दोन भावांतलं बांधावरचं भांडण माझ्या एका खुणेनं मिटतं, नाहीतर पेटतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी ठरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बिऱ्हाडासाठी एक धड गल्ली ठरवता आली नाही, ही गोष्ट आमच्या घरात अजून हसत सांगितली जाते. सांगते बायको. मी मधूनमधून दुरुस्त्या सुचवतो, त्या कुणी मनावर घेत नाही. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावी.

किनवटहून माझी बदली लातूरला झाली. शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचं होतं, कारण मुलगी नववीत जाणार होती. घरात आम्ही चौघं. मी, बायको, मुलगी आणि माझी माय. मायला साखर आहे. आदल्या हिवाळ्यात इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि जेवायचंच विसरली, तर स्वयंपाकघरात घेरी येऊन पडली. मुलगी घरात होती म्हणून निभावलं. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एकटं ठेवायचं नाही.

बदलीची बातमी सांगितली तेव्हा माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जा. मी बघून सांगीन."

"काय बघून?"

"जागा. पटली तर येईन. न्हाईतर मी हाय की इथं. माझं काय अडून राहिलं?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर अशा पाहण्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अर्थ होता: पटेल अशीच जागा शोधा, नाहीतर बदली रद्द करून आणा. बदली रद्द होणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून जागेच्या मागं लागलो.

लागलो तो खात्याच्या शिस्तीनं. मोबाईलवर लातूरचा नकाशा मोठा करून करून पाहिला. वहीत रकाने आखले: रस्त्याची रुंदी, शाळेचं अंतर, दवाखान्याचं अंतर. पहिला रकाना मात्र पाण्याचा. आमच्या किनवटला जंगल आहे, नदी आहे, घरोघर आड नाहीतर बोअर. लातूरला चाललो म्हटल्यावर कचेरीतल्या शिपायापासून न्हाव्यापर्यंत सगळे एकच म्हणत, "साहेब, जाताना पाणी घेऊन जा." तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की पाणी असेल तिथंच राहायचं.

पहिली फेरी एकट्यानं मारली. बाहेरच्या वळणरस्त्याला लागून एक नवी वसाहत होती. रस्ता ऐसपैस, दारात तुळशी, फाटकांना रंग. एका निवृत्त गृहस्थांचा खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता. ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि तिथं माझे डोळे दिपले. जिकडं पाहावं तिकडं काळ्या टाक्या! एकेका घरावर तीन तीन, काहींवर चार. मी मोजणीवाला, मोजल्याशिवाय राहवेना. समोरच्या एका ओळीत सत्तावीस टाक्या भरल्या. आमच्या किनवटला एका घरावर एक टाकी असली तरी लोक त्याला शौकीन म्हणतात. ज्याच्या घरी कणग्या जास्त त्याच्या घरी धान्य जास्त, असा सरळ हिशेब मी केला आणि वहीत पाण्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहून खाली रेघ ओढली.

खाली आलो. चहा आला. गृहस्थांनी प्रेमानं विचारलं, "आपलं आडनाव?"

आमचं आडनाव असं आहे, की ते चार जातींत सापडतं. मी सांगितलं. त्यांनी त्या चारांतली आपल्या सोयीची एक निवडली. निवडली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण चेहरा एकदम मोकळा झाला आणि आतून चिवडा आला. मी काही खोटं बोललो नाही, फक्त चहा पीत राहिलो. जरा जास्तच वेळ पीत राहिलो. मग इसार देऊन उठलो.

घरी येऊन टाक्यांचे फोटो सगळ्यांना दाखवले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर नुसते डबे आहेत." माय म्हणाली, "बघून येऊ."

पुढच्या शनिवारी चौघं निघालो. मुक्काम बायकोच्या मावसबहिणीकडं, लातुरातल्या आपल्या बौद्ध वस्तीत. तिथं पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, मग चहा, मग पुन्हा पाणी. इथंच कुठं जागा असती तर माझी वही तिथंच मिटली असती. पण रिकामी होती ती एकच खोली, तिसऱ्या मजल्यावर. मायच्या गुडघ्यांना दुसरा मजलाच हिमालय.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना माझ्या वसाहतीत नेलं. मोठ्या थाटात नेलं म्हटलं तरी चालेल. एका हातानं टाक्या दाखवत होतो, दुसऱ्या हातात मायसाठी गार पाण्याची बाटली. साखरेच्या माणसाला तहान फार. मायनं टाक्यांकडं पाहिलंच नाही. ती सरळ पहिल्या फाटकाशी गेली आणि कडी वाजवली.

"बाई, जरा पाणी देता का?"

मी धावलो. "माय, अगं बाटली आहे की!"

तोवर आतून एक हसतमुख बाई कागदी पेल्यात पाणी घेऊन आली. "पेला त्या डब्यात टाका हं, मावशी." माय पाणी प्यायली, पेला डब्यात टाकला आणि दुसऱ्या फाटकाशी गेली. तिथं फाटकाबाहेरच एक जार मांडलेला होता, साखळीनं बांधलेला प्लास्टिकचा पेला. आतून आवाज आला, "बाहेर आहे बघा, घ्या हातानं." तिसऱ्या घरी स्टीलचा तांब्या मिळाला, पण देताना बाई म्हणाली, "वरून प्या हां आजी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या वसाहतीत पाऊल टाकताच आपली आई दारोदार पाणी मागत हिंडते आहे, लोक काय म्हणतील! प्रत्येक फाटकाशी मी बाटली पुढं करत होतो. शेवटी बायकोनं माझं कोपर धरलं.

"अहो, ठेवा ती बाटली. आई पाणी पिऊन नाही राहिल्या, गल्ली तपासून राहिल्या."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं तर तो पडायला बायकोची गरज नव्हती, कारण ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. मायचं माहेर हदगावकडचं. लहानपणी ती तिच्या आईबरोबर कापूस वेचायला जायची. दुपारी मालकाच्या घरी पाणी मागितलं, की पोरींनी ओट्याखाली ओंजळ धरायची आणि ओट्यावरून कुणीतरी तांब्यातून धार सोडायची. अर्धं पाणी कोपरावरून खाली. तिच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा पोरींना बसवून सांगितलं, आजपासून ओंजळीनं पाणी प्यायचं नाही. भांडं हातात देतील तर प्या. दुसऱ्या दिवशी भांडं कुणी दिलं नाही. दहा वर्षांची पोर उन्हात दोन कोस तहानलेली चालत घरी आली. ती पोर म्हणजे माझी माय. आणि तिच्या लेकानं घर बघताना पाण्याच्या रकान्यात काय मोजलं? टाक्या.

कोपऱ्यावर एक सिमेंटची पायरी होती, तिथं माय बसली.

"कागदाचा पेला कशापायी दिला असंल?" तिनं विचारलं.

"विसळायला पाणी लागतं ना माय, म्हणून. आजकाल सगळीकडं असंच."

"असंल. न्हाईतर मी तोंड लावलेलं नको म्हणूनबी असंल. ते इथं राहून कळंल, आन तवा उशीर झालेला असंल." मग माझ्याकडं वळली. "घरमालकाला सांगितलंस का आपण कोण ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारलं न्हाई का तू सांगितलं न्हाईस?"

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायलो.

तेवढ्यात शेजारून सायकलवर एक दूधवाला चालला होता. विषय बदलावा म्हणून मी त्याला विचारलं, "काय हो, इथं पाण्याची चांगली सोय दिसते. टाक्या बघा किती!"

तो सायकलवरून उतरला. माझ्याकडं नीट पाहून म्हणाला, "नळ आठ-दहा दिवसाला येतोय साहेब. मग साठवायचं कशात, टोपीत?"

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. "किती हो टाक्या? सत्तावीस ना?"

माय मात्र उठली होती. "चला. दिवस मावळायला अजून लई टाइम हाय."

त्यानंतर तिनं तपासणीची पद्धत बदलली. आधी सांगायचं, मग मागायचं. प्रत्येक दारात ती म्हणायची, "बाई, आम्ही बौद्ध. किनवटकडचे. घर बघून राहिलो. पाणी देता का?" मी मागं चार पावलं उभा. एका घरी चहासकट पाणी मिळालं, पण जागा रिकामी नव्हती. एका घरी जागा होती, ती आमच्या डोळ्यांदेखत भरली. "अहो, परवाच दिली की." एका घरी बाई "आणते" म्हणून आत गेली आणि परत आलीच नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो. दारावरची घंटा पुन्हा वाजवावी असं मला वाटलं, माय म्हणाली, "नको. कळलं."

दुपार कलली. मुलीनं चपला हातात घेतल्या. रिक्षात बसताना माय शांतपणे म्हणाली, "न्हाई मिळाली तर न्हाई. मी किनवटला ऱ्हाते. शेजारची पोरगी सुईचं बघंल."

मला तिचं ते स्वयंपाकघरात आडवं पडणं दिसलं. वहीतला एकही रकाना त्यापुढं कामाचा नव्हता.

रिक्षावाल्यानं जवळचा रस्ता म्हणून डाळ मिलच्या मागून रिक्षा घातली. ही गल्ली मी नकाशावरच खोडलेली होती. शेरा आठवतो: 'रुंदी नऊ फूट, आवाज, धूळ, अयोग्य.' आत जाऊन रिक्षा अडकली, कारण नळ आला होता आणि घागरी, ड्रम, बादल्या, पातेली, होतं नव्हतं ते सगळं रस्त्यावर आलं होतं. माय उतरली. समोर चाळिशीतली एक बाई, पदर खोचलेला, गळ्यात लिंगायतांची असते ती इष्टलिंगाची चांदीची डबी, हातात पाइप.

"बाई, आम्ही बौद्ध. किनवटकडचे. घर बघून राहिलो. पाणी देता का जरा?"

बाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. "हे पाइप धरा आधी. ड्रम सरकवायचाय मला. अवो धरा की! नाव-गाव मागून सांगा, नळ जातोय."

मायनं पाइप धरला. दोन घागरी भरल्या, एक ड्रम भरला, धार बारीक झाली. मग त्या बाईनं तांब्या धारेखाली धरला, भरला आणि मायच्या हातात दिला. हातात. आणि इतका वेळ ज्याची वाट पाहिली ते मिळाल्यावर मायनं काय करावं? सवयीनं तांब्या वर उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. निम्मं पाणी पदरावर.

बाई कडाडली. "अवो मावशी! वरून काय पिऊलालाव? निम्मं सांडलं की! आठ दिवसानं आलंय ते पाणी. तोंड लावा, तोंड!"

माय तांब्या धरून तशीच उभी. "तोंड लावू?"

"मग काय नाकानं पिणार हाव?"

मायनं तोंड लावलं. तांब्या रिकामा होईपर्यंत काढलं नाही. बाईनं तो घेतला, तसाच पुन्हा धारेखाली धरला आणि मुलीला दिला, मग बायकोला, मग मला. विसळायला पाणी होतंच कुठं! माझी बाटली काखेत होती, तिच्याकडं पाहून बाई म्हणाली, "इकतचं पाणी प्यालाव? लई साहेब दिसताव."

"ही गल्ली," माय म्हणाली.

"माय, अगं घर रिकामं आहे का ते तर विचारू!"

"माझ्या दिराचं हाय की पलीकडचं," बाई पाइप गुंडाळत म्हणाली. "खालीच हाय, दोन खोल्या. पर मिलचा आवाज हाय, आताच सांगते. आन धूळ. मागून कटकट नको."

मी सवयीनं खिशातून फीत काढली. माय म्हणाली, "ती आत ठेव."

एक काम राहिलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. वळणरस्त्याच्या गृहस्थांकडं गेलो, उभ्याउभ्याच सांगितलं की घर नको, आणि आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग आधीच सांगायचं ना!" या वाक्याची हद्द मला अजून ठरवता आलेली नाही. आधी सांगितलं असतं तर दिलं असतं, की आधी सांगितलं असतं तर चिवडा वाचला असता? "हो, चुकलंच माझं," मी म्हणालो, "म्हणून आता आलो." इसार मी मागितला नाही. या वेळी चहा आला नाही, आला असता तरी मी तो पटकन संपवला असता.

आता आमच्याही छपरावर दोन टाक्या आहेत. तुरीची धूळ ताटात येते. मिल बंद असली की मुलीचा अभ्यास होत नाही, आवाज नाही म्हणते. नळ आला की पाइप मायच्या हातात असतो आणि तिची सुई चुकली तर ती पाइपवाली बाई तिकडून आधी मला ओरडते.

परवा गॅसच्या टाकीवाला घामाघूम होऊन दारात टेकला, पाणी मागितलं. मायनं तांब्या भरून हातात दिला. तो क्षणभर तांब्याकडं पाहत राहिला, मग तिच्याकडं.

"आजी, तोंड लावू?"

"मग काय," माय म्हणाली, "नाकानं पिणार हाव?"